वांझ संकराला धरलेली शेंग

काळी मोहरी, म्हणजे ब्रासिका नायग्रा, आणि तिची नातेवाईक ब्रासिका रॅपा यांचा संकर वांझ निघतो, हे आम्हाला अपेक्षितच होते. काळ्या मोहरीच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात आणि रॅपाच्या पेशीत 20. त्यामुळे संकराच्या वाट्याला 8 आणि 10 अशी 18 येतात, आणि परागकण तयार होण्याआधी गुणसूत्रांनी जोड्या जुळवायच्या असतात तेव्हा त्यांतील बहुतेकांना जोडीदारच मिळत नाही. झाड मात्र चांगले जोमदार वाढते. बी धरत नसल्यामुळे ते फुलतच राहते, आणि शेंड्याला ताजी फुले व त्याखाली आकसलेल्या, रिकाम्या शेंगांची रांग असे त्याचे रूप होते. अशाच एका झाडाच्या पिशवी बांधलेल्या फांदीवर एक शेंग फुगलेली आढळली आणि तिच्यात मोजक्याच, पण भरीव बिया निघाल्या. त्यांपैकी एका बीपासून वाढलेल्या झाडाच्या कळ्या मी ज्या दिवशी तपासल्या, तो दिवस माझ्या आजवरच्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

या तपासणीत खरे कसब योग्य कळी निवडण्यात असते. कळी थोडीही मोठी घेतली तर परागकण आधीच तयार झालेले असतात आणि गुणसूत्रे निम्मी करणारे अर्धसूत्री विभाजन पाहायला मिळत नाही. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवलेल्या कळ्यांतून मी अगदी लहान कळ्या वेचल्या, एकेक परागकोश गुणसूत्रांना लाल रंग देणाऱ्या ॲसिटोकार्मिनच्या थेंबात सुईने फोडला, काचपट्टी किंचित तापवली आणि वरची पातळ काच टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबली. मूळ संकराच्या अशाच काचपट्ट्या मी पूर्वी पाहिल्या होत्या. त्यांत एखाददुसरी सैल जोडी सोडली तर गुणसूत्रे पेशीभर एकटी विखुरलेली असत, आणि काही तर विभाजन पुढे सरकले तरी मागेच रेंगाळत. या वेळी मात्र गडद लाल रंगाची जोडलेली गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी नीट ओळीने मांडलेली होती. मी पेशीमागून पेशी मोजत गेले, आणि जिथे मोजणी स्पष्ट करता आली तिथे बहुतेक ठिकाणी 18 जोड्या भरल्या. एकूण गुणसूत्रे 36 होती, म्हणजे संपूर्ण जीनोम, गुणसूत्रांचा सगळा संच, दुप्पट झाला होता आणि प्रत्येक गुणसूत्राला त्याचीच प्रत जोडीदार म्हणून मिळाली होती.

हे घडले कसे, याचा धागा मूळ संकराच्या परागकणांत होता. ते बहुतेक सुरकुतलेले आणि पोकळ होते, रंगही घेत नव्हते. पण त्यांच्यात क्वचित एखादा नेहमीपेक्षा मोठा, भरलेला, लालबुंद परागकण दिसे. विभाजनात गुणसूत्रे दोन बाजूंना न वाटता सगळीच्या सगळी एका केंद्रकात राहिली, की असा परागकण तयार होतो. बीजांडातही तेच घडले आणि असे दोन पूर्ण संच एकत्र आले, तर 36 गुणसूत्रांचे, स्वतः बी धरू शकणारे रोप एका पिढीत उभे राहते.

तरीही 36 या आकड्यावर थांबणे मला योग्य वाटले नाही. आपली नेहमीची मोहरी, ब्रासिका जन्सिया, हीदेखील 36 गुणसूत्रांचीच आहे, आणि ती आमच्या शेजारच्या वाफ्यात फुललेली होती. तिचा 18 गुणसूत्रांचा परागकण चुकून पिशवीत शिरला असता आणि संकराच्या न वाटलेल्या बीजपेशीशी त्याचे मीलन झाले असते, तरी मोजणी हीच आली असती. मायक्रोस्कोप या दोन शक्यतांत भेद करू शकत नाही. म्हणून डीएनए चिन्हकांची चाचणी केली; तीत पालकांचे ओळखीचे डीएनए तुकडे पट्ट्यांच्या रूपात दिसतात. रोपात आमच्या दोन मूळ पालकांचेच पट्टे आले आणि शेजारच्या मोहरीचा एकही खास पट्टा आढळला नाही, तेव्हाच मी नोंदवहीत निष्कर्ष लिहिला.

वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू ऊ यांनी 1935 मध्ये दाखवून दिले, की जन्सिया ही काळी मोहरी आणि रॅपा यांच्या संकरातून, जीनोमच्या दुप्पटीने झालेली जात आहे. अशा घटना केवळ प्राचीन काळातल्या नाहीत. युरोपातून अमेरिकेत पोहोचलेल्या ट्रॅगोपोगॉन या रानफुलांच्या जातींच्या संकरांतून गेल्या शतकात दोन नव्या चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेल्या, जाती तयार झाल्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबे यांनी 1950 मध्ये त्यांचे वर्णन केले. नवी जात म्हटली की हजारो पिढ्यांचा संथ बदल डोळ्यांपुढे येतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण वनस्पतींच्या बाबतीत ही दुसरी वाटही तितक्याच गांभीर्याने शिकवली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमचे रोप शेतातल्या मोहरीइतके सुफल नाही. काही पेशींत चार गुणसूत्रे एकत्र गुंतलेली दिसतात, त्यामुळे वाटणी बिघडते आणि पुढच्या पिढीत एखादे गुणसूत्र कमी किंवा जास्त असलेली रोपे निघतात. कृत्रिमरीत्या घडवलेल्या ब्रासिका बहुगुणितांमध्ये, म्हणजे दोनहून अधिक संच असलेल्या झाडांमध्ये, अवघ्या पाच पिढ्यांत जीनोमची रचना बदलते, हे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले होते. म्हणून आता प्रत्येक पिढीतील सर्वांत जास्त बी धरणारी आणि सर्वांत कमी बी धरणारी अशी दोन्ही प्रकारची झाडे आम्ही वेगळी राखतो, आणि दोन्हींच्या जोड्या मोजतो.