पिल्लांचा पिंजरा, नवी आवृत्ती: सुटा होणारा, धुता येणारा

चौकट उभी राहिली, जाळी बसली, दार लागलं, झाकणही बसलं. आतली फळी आणि खालची चाकं बाकी आहेत, पण सुंठ, मिरी, हिंग आणि ओवा ही मांजराची पिल्लं राहायला गेलीसुद्धा. चौघंही साधारण पाच आठवड्यांची. ओवा सगळ्यात जड. हिंग सगळ्यात हलका आणि सगळ्यात उचापती, त्यामुळे पिंजऱ्याची परीक्षा घेण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलंय.

जुना पिंजरा म्हणजे प्लायचा खोका आणि समोर जाळी. बाटलीवरच्या पिल्लांना तो छान होता, वारा लागत नाही, ऊब टिकते. पण प्लायच्या कडा शू पितात. वरून सनमायका कितीही चकचकीत असला तरी कापलेल्या कडेतून ओल शिरते आणि पुण्यातल्या जुलैमध्ये ती वाळायचं नाव घेत नाही. वास एक वेळ सोसता येतो, खरी भीती पॅनल्यूकची, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाची. मांजरांचा हा, कुत्र्यांच्या पार्व्होसारखा विषाणू घरातल्या तापमानाला वर्षभरसुद्धा तग धरू शकतो आणि लस न झालेल्या पिल्लांचं अख्खं वेत नेऊ शकतो. कच्चं लाकूड पुसून निर्जंतुक झालं, असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून या वेळी अट एकच: जे घासून धुता येत नाही किंवा जिवावर न येता फेकून देता येत नाही, ते आत जाणार नाही.

या अटीमुळे मापही ठरलं. सात चौकटी, पाऊण इंची चौकोनी लोखंडी पाइपच्या, सातही ४ फूट बाय २ फूट. दोन पुढे, दोन मागे, बाजूला एकेक आणि एक वर. बाथरूमच्या दारातून एकटीला सहज नेता येते एवढीच चौकट मोठी ठेवायची, नाहीतर धुणं पुढच्या रविवारवर जातं. जोडायला बोल्ट आणि विंग नट, पाना शोधत बसायला नको. फॅब्रिकेटरदादांनी मापं ऐकून विचारलं, "कोंबड्या का, ताई?" मांजराची पिल्लं म्हटल्यावर त्यांनी एकदा वर बघितलं, पुढे काही बोलले नाहीत, पण वेल्डिंगचे कोपरे मात्र झकास घासून दिले. रंग पावडर कोटिंगचा घेतला. ऑइलपेंट स्वस्त पडतो, पण त्याचे पोपडे निघतात आणि निघालेला पोपडा पिल्लाच्या तोंडात जातोच.

जाळी बोहरी आळीतून आणली. तिथे "मांजरासाठी" म्हटलं की दुकानदार आधी कोंबडीची षटकोनी जाळी उलगडतो. ती नको. ती लवते, पीळ सुटतो आणि टोकं बाहेर येतात. नायलॉनची मच्छरजाळीही नको, नखांपुढे ती टिकत नाही. एक इंची वेल्डमेशमधून (तारा वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी) पाय आरपार जातो आणि घाबरून ओढताना पिळला जातो. मी अर्ध्या इंचाची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश घेतली. ती चौकटीच्या आतून लावली, वर ॲल्युमिनियमची पट्टी आणि पॉप रिव्हेट. केबल टायने काम निम्म्या वेळात झालं असतं, पण त्यांची कापलेली शेपटं धारदार असतात आणि दात शिवशिवणाऱ्या पिल्लांना तीच चघळायची असतात.

कापलेल्या जाळीची टोकं हा सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि इथे घाई नको. ग्राइंडरने वरवर सपाट केल्यावर बोटाला ती गुळगुळीत लागतात, पण बोटाची कातडी जाड असते. कापसाचा बोळा घ्या आणि सगळ्या कडांवरून हळू फिरवा. जिथे तंतू अडकून राहील तिथे कानस लावा, पुन्हा बोळा फिरवा. माझ्या पहिल्या चौकटीची एक बाजू तर अशी दिसत होती जणू तिच्यावर म्हातारीचे केस उडून बसलेत. पिल्लाच्या पापणीची किंवा पंजाच्या गादीची कातडी त्या बोळ्याहून फार राकट नसते.

तळाचा प्लाय जुनाच ठेवला, फक्त आता तो पिंजऱ्याच्या बाहेर, खाली आहे. त्याच्यावर व्हिनायल फ्लोअरिंगचा एकसंध तुकडा, चारही बाजूंनी ४ इंच वर वळवलेला आणि बाहेरून क्लिपांनी धरलेला. कोपरे कापायचे नाहीत, पाकिटासारखे दुमडायचे. म्हणजे कुठेच सांधा नाही आणि खाली काही झिरपत नाही. आजारी बॅच आली तर व्हिनायलऐवजी जुन्या फ्लेक्सचा तुकडा टाकते, नंतर सरळ फेकून देते. आमच्याकडे निवडणुकीनंतर फ्लेक्सना तोटा नसतो.

दाराला ९ इंचांचा पक्का उंबरठा आहे. दार जमिनीपासून सुरू झालं की ते उघडताना चार पिल्लं एकदम पायात येतात, आणि खालच्या फटीत पंजा सापडतो तो वेगळाच. कड्या दोन, वर आणि खाली. एकच मधली कडी असली तर दाराचा खालचा कोपरा ढकलून बोटभर फट करता येते. हे हिंगने पहिल्याच संध्याकाळी डोक्याने तपासून पाहिलं. डोकं गेलं की अंग जातंच.

झाकण हवंच का, असं विचारणाऱ्यांना सांगते, पाच आठवड्यांच्या पिल्लाला वेल्डमेश ही आयती शिडी आहे. चार फूट चढतात, उतरता मात्र येत नाही.

आतल्या वस्तू त्याच अटीने निवडल्या. भाजीचा प्लास्टिक क्रेट उलटा घातला की खाली गुहा, वर बैठक. पुठ्ठ्याचे खोके भरपूर, दोन-तीन दिवसांनी रद्दीत. आईने मायेने गोधडी काढून दिली होती, ती मी परत कपाटात ठेवली: पावसात ती आतून वाळत नाही आणि सुटलेला टाक्याचा दोरा पिल्लाने गिळला तर आतड्याचं ऑपरेशनच. टर्किश टॉवेलही नको, लहान पिल्लांना नखं नीट आत घेता येत नाहीत आणि ती फासात अडकतात. फ्लीसचे तुकडे सगळ्यात बरे, रात्री धुतले तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतात. पाण्याला जुना दगडी खल ठेवलाय, तो अजून कुणाला उलटवता आलेला नाही. शू-शीच्या ट्रेत घालायचं लिटर गोळे होणारं घेत नाही, कारण या वयात पिल्लं ते खाऊन बघतात. लाकडी पेलेट्स, दोन इंची काठाच्या ट्रेमध्ये.

पिंजरा बेडरूममध्ये आहे, बाल्कनीत नाही. घरच्या मनीपासून निदान दोन आठवडे दार बंद. त्या खोलीत कॉइल लावत नाही, डासांसाठी मच्छरदाणी पिंजऱ्यावर बाहेरून टाकते.

धुण्याचा क्रम: आधी साबणाने घासून सगळी घाण काढायची, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही आणि शूमधल्या अमोनियाशी त्याची गाठ पडू नये. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, एक लिटर पाण्याला ३० मिली, त्याच दिवशी कालवलेलं. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिल्लं आत नाहीत. फिनेल आणि डेटॉल त्या खोलीत आणायचंच नाही. फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निपटता येत नाहीत आणि ओल्या फरशीवर चाललेली पिल्लं पंजे चाटतात. कामाला येणाऱ्या मावशींना हे पटायला वेळ लागला, फिनेलचा वास आल्याशिवाय लादी पुसल्यासारखी वाटत नाही म्हणाल्या. आता त्या खोलीची बादली वेगळी आहे.

सातही चौकटी सुट्या करून, धुऊन, पुन्हा उभ्या करायला एक दुपार पुरते.

पुढे फळी. दीड फुटावर एकच, जास्त उंच नाही. प्लाय तर बादच, काचेसारखं गुळगुळीत ॲक्रिलिक घसरतं. हॉटेलवाले भाजी चिरायला वापरतात तसला जाड पांढरा प्लास्टिकचा पाट दोन फूट लांबीत मिळतोय का ते बघतेय. चाकं ब्रेकची हवीत आणि ती फॅब्रिकेटरदादांकडे पुढच्या आठवड्यात येतील. तोवर क्रेटवर क्रेट, बोल्टने जोडलेला.