हॉटेल

रविवार, रात्री उशिरा

आई फोनवर मावशीला म्हणाली, "आज दुपारी हॉटेलात जेवलो." मी ओटा पुसत होते. फडकं हातातच राहिलं.

हॉटेल! पब हा शब्द तिने किती सफाईने गिळला.

तशी ती खोटं बोललीच नाही. इथलं, इंग्लंडातल्या स्टॅमफर्ड गावचं 'द जॉर्ज' हॉटेलच आहे, मुक्कामाच्या खोल्या आहेत. तेच जास्त टोचतंय. कारण हा इथला जुना पब म्हणून मीच तिला हौसेने नेलं होतं. रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी गेलेली ती तुळई दाखवली. आत दोन दारं, एकावर लंडन, दुसऱ्यावर यॉर्क. घोडागाड्यांच्या काळात रोज वीस गाड्या लंडनकडे जायच्या, वीस यॉर्ककडे आणि उतारू आपापल्या खोलीत वाट बघत बसायचे. "म्हणजे एसटी स्टँडच की गं," आई म्हणाली. डॅनियल लॅम्बर्टच्या चित्रापुढे तर हललीच नाही. हा १८०९ साली याच गावात वारला, वजन ३३५ किलोच्या आसपास. "ह्याला वाढायला कोण होतं?"

रमली होती ती. अंगणात शेजारच्या टेबलाखाली कुत्रं झोपलेलं, चिऊ उंच खुर्चीत. चिऊचं यॉर्कशर पुडिंग मोडून बघत "भटुऱ्याचा भाऊ" म्हणाली. मग हॉटेल का?

अकरा वर्षं माझं इथलं सगळं असंच धुऊन, घडी घालून तिकडे पोचतं. मी जशी आहे तशी कुणाला नकोच आहे का? बाबा असते तर... जाऊ दे.

जेवताना तिला समजावलंही होतं, पब म्हणजे पब्लिक हाऊस, सार्वजनिक घर. "सार्वजनिक? मग वर्गणी कोण काढतं?" यावर काय बोलणार!

पण १९०८ च्या कायद्याने इंग्रजांनीच चौदा वर्षांखालच्या पोरांना बारमध्ये यायला बंदी केली होती. म्हणजे इथल्या आज्याही एकेकाळी दचकल्याच असणार. आणि मी? पहिल्या वर्षी ऑफिसची मंडळी शुक्रवारी पबात ओढून न्यायची, तेव्हा आईला काय सांगायचे? "मीटिंग लांबली." त्या मानाने हॉटेल बरंच खरं.

आत्ता देवापाशी गेले, तर तेलाच्या वाटीखाली गोल जाड पुठ्ठा. बीअरच्या ग्लासाखाली ठेवतात तो, वर बीअरचं नाव ठसठशीत. पर्समधून कधी आणला कोण जाणे.

"छान पितो गं तेल," आई अंथरुणातूनच म्हणाली. "परत गेलो की अजून दोन आणू."