चादरीत गुंडाळलेली मार्लिन

अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळच्या एका शूटिंग रेंजवर मी शनिवार-रविवार काउंटर सांभाळतो. आठवडाभर कॉम्प्युटर, सुटीला बंदुका. कुडाळला आईला यातलं फक्त पहिलं ठाऊक आहे.

त्या शनिवारी सत्तरीच्या एक बाई फुलाफुलांच्या चादरीत काहीतरी लांबडं गुंडाळून आल्या. "नवऱ्याची आहे. तो जाऊन तीन वर्षं झाली. आता एकटी राहते, तर चालवायला शिकव. आणि काळजी करू नकोस हनी, रिकामी आहे."

रिकामी म्हणून आलेली बंदूक आम्ही भरलेलीच धरतो. चादर सोडली. मार्लिन कंपनीची ३३६ रायफल, थर्टी-थर्टी काडतुसाची, जुनी, सेफ्टीचं बटण नसलेली. घोडा पूर्ण खाली. नळी वाळूच्या पेटीकडे धरून मी चापाभोवतीची लिव्हर उघडली आणि चेंबरमधून, म्हणजे जिथून बार उडतो त्या खोबणीतून, एक काडतूस टुणकन बाहेर पडलं. बाईंचा हात तोंडावर गेला. माझ्याही पोटात गोळा आला, कारण या जुन्या रायफलींत घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असेल, तर घोड्यावर बसलेला एक जोराचा फटकाही बार उडवू शकतो.

पुढचं काम आणखी नकोसं. या रायफलीचं मॅगझिन काढता येत नाही. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. (म्हणूनच त्यांची टोकं चपटी ठेवतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, फटक्याने पेटणाऱ्या टोपीवर टेकून राहायला नको.) रिकामी करायची तर एकेक चेंबरपर्यंत आणून काढायचं. चापापासून बोट लांब ठेवून लिव्हर फिरवत राहिलो. एकूण सात. पितळ हिरवट पडलेलं.

"कुठे ठेवत होतात?"

"बेडरूमच्या दारामागे." मग हळूच, "नातू येतो सुटीत. तिथेच लपाछपी खेळतो."

आमच्या गनस्मिथने रायफल तपासून तेल दिलं, मी नवी काडतुसं घेतली आणि दोघं लेनवर गेलो. बाईंचा नेम वाईट नव्हता. अडचण लिव्हरची. कपाटाचं दार लावावं तशी त्या ती हळुवार फिरवत, अर्ध्यातच परत आणत, आणि रिकामी पुंगळी आतच राही. लिव्हर-अ‍ॅक्शनला अदब चालत नाही, शेवटपर्यंत दणक्यात फिरवावी लागते. घाबरलेला माणूस रात्री नेमका इथे चुकतो. दहाव्या-बाराव्या वेळी त्यांना जमलं, आणि त्या पोरीसारख्या हसल्या.

मग मी विचारलं, बेडरूमच्या दारातून कॉरिडॉरकडे गोळी झाडलीत तर पलीकडे काय आहे?

"नातवाची खोली."

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. पण घराच्या भिंती चिऱ्याच्या. इथे लाकडी पट्ट्यांवर अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड ठोकले की झाली भिंत. थर्टी-थर्टी म्हणजे हरणाच्या शिकारीचं काडतूस. असल्या एका भिंतीतून त्याची गोळी जातेच, नंतरच्या खोलीतूनही जाते. पिस्तुलाची गोळी, शॉटगनचे मोठे छर्रे यांनाही तो बोर्ड अडवत नाही. त्यामुळे दुसरी बंदूक विकून हा प्रश्न सुटणार नव्हता. मालकाला हे आवडलं नसतं, पण मी तेच सांगितलं.

बाई बराच वेळ लक्ष्याच्या कागदाकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी कॉरिडॉरकडे झाडायचीच नाही. दार लावून पलंगाच्या कोपऱ्यात बसायचं, पोलिसांना फोन करायचा, आणि नातू आला की त्याला माझ्याच खोलीत झोपवायचं." यापेक्षा बरी योजना माझ्याकडेही नव्हती.

रायफल त्यांनी ठेवली. सोबत किल्लीची लोखंडी पेटी घेतली. सात काडतुसं न्यायला मात्र तयार नव्हत्या.

"तो म्हणायचा रिकामी आहे," त्या म्हणाल्या आणि चादरीची घडी घालू लागल्या. तेलाचा डाग पडला होता. धुवायला हवी, म्हणाल्या.