सूप आणि १९६६ चा कायदा

आज विद्यापीठात शोधनिबंध ऐकायला गेले होते. ज्वारी शिजली की तिच्यातलं काफिरिन हे प्रथिन पचायला जड का जातं, ते एका मुलीनं फार छान समजावलं. पण मी अडकले ती कायद्याच्या पोरीपाशी. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा, जो २०२५ पर्यंत लागू होता, घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानायचा, आणि छाट, म्हणजे मालकानं खराब म्हणून नाकारलेल्या, विड्यांच्या मजुरीचं भांडण सरकारी अधिकाऱ्यापुढे नेता यायचं! माझ्या अम्माचं सगळं आयुष्य मांडीवरच्या सुपात तेंदूपान कातरण्यात गेलं. छाट जास्त निघाली की ती त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही.

संध्याकाळी तिला तेलुगूत सगळं सांगितलं. सूप खाली ठेवून म्हणाली, "परत एकदा सांग."