चायना ग्रासची गांडुळं आणि ते कोमट पाणी

जेलीची गांडुळं कशी करायची हे सांगणारी कुठलीही कृती काढा, शेवटी शेवटी एक ओळ हमखास असते: जेली भरलेला स्ट्रॉ कोमट पाण्याखाली धरा, गांडूळ अलगद बाहेर घसरेल. या एका ओळीपायी मी गुरुवारी रात्री साडेअकरापासून सव्वा वाजेपर्यंत सिंकपाशी उभी होते. आज आठ दिवस झाले तरी ती ओळ आठवली की डोकं तापतं. शाकाहारी घरात ज्यांना ही गांडुळं करायची असतील त्यांची तरी रात्र वाचावी म्हणून लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे भुताखेतांची सोंगं काढायच्या हॅलोविनला, आमच्या गल्लीतली सगळी मुलं एका घराच्या गॅरेजमध्ये जमतात. काळे पडदे, कोरलेले भोपळे, कापसाची कोळ्याची जाळी, आणि प्रत्येक घरातून एक किळसवाणा दिसणारा पण खाता येईल असा पदार्थ. यंदा माझ्या लेकीनं परस्पर सांगून टाकलं होतं की आमच्याकडून ‘मातीतली गांडुळं’ येणार. चॉकलेट बिस्किटांचा चुरा म्हणजे माती, आणि त्यात लाल-तपकिरी जेलीची गांडुळं. सांगलीला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “शी! गांडुळं कसली घालतेस पोरांना? साधे लाडू कर की.”

अडचण जेलीची होती. इथली जेली म्हणजे जिलेटिन, आणि जिलेटिन म्हणजे डुकराची कातडी किंवा गुरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेलं प्रथिन. मी पाहिलेल्या पाकिटांवर नुसतं ‘जिलेटिन’ लिहिलेलं, कशाचं ते नाही. दरवर्षी हॅलोविनच्या रात्री लेक घरोघर फिरून गोळा केलेल्या गोळ्यांची पिशवी गालिच्यावर उपडी करते, आम्ही एकेक पाकीट वाचतो, आणि चिवट अस्वलं, किडे, मार्शमेलो असा एक ढीग बाजूला पडतो. शेजारची तिची मैत्रीण मुसलमान आहे. त्यांच्या घरीही हेच चालतं. गेल्या वर्षी दोघी आपापले ‘नको’चे ढीग घेऊन आमच्या पायरीवर बसल्या होत्या आणि दोन्ही ढिगांत जवळजवळ तीच पाकिटं होती. तेव्हाच मी ठरवलं होतं की पुढच्या खेपेला दोघींनाही पोटभर खाता येतील असे किडे मी स्वतः करीन. हलाल जिलेटिन मिळतं, पण ते आम्हाला चालत नाही. राहिलं चायना ग्रास, म्हणजेच अगार. समुद्री शेवाळातून निघतं, सगळ्यांना चालतं.

ओक ट्री रोडवरच्या दुकानात चायना ग्रास धाग्यांचंही मिळतं आणि पावडरचंही. पावडरच घ्या. धागे भिजवा, विरघळवा, गाळा, इतकं करूनही नळीत गुठळी अडकतेच. आईनं फोनवर सांगितलेलं मात्र अक्षरशः पाळा: “पाणी गार असतानाच टाक, आणि उकळी आल्यावर लगेच उतरवू नकोस. तीन-चार मिनिटं ढवळत राहा.” ती ताटात दुधाची वडी थापायची तेव्हापासूनचा तिचा हा नियम आहे, आणि अगदी बरोबर आहे. पावडर नुसती गरम पाण्यात कालवून भागत नाही, चांगली खदखदावी लागते.

पहिल्या घाण्याला मी दोन चुका केल्या. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलंय. लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा ओतताना लिटरला १५ ग्रॅम अगार घालायचो, तेच प्रमाण हाताला लागलेलं. त्यानं जी जेली झाली ती वाकवली की कट्कन मोडायची. गांडूळ लवायला हवं, खडूसारखं तुटून कसं चालेल? दुसरी चूक स्ट्रॉची. दुकानात पुढ्यातच कागदी स्ट्रॉ दिसले, तेच उचलले. सकाळपर्यंत ते फुगून लगदा झाले आणि कागदाचे पापुद्रे जेलीला चिकटून बसले. सगळं टाकून द्यावं लागलं. स्ट्रॉ प्लास्टिकचेच हवेत, तेही मान वाकणारे. ती मान ताणून लांब करून घ्यायची. तिथल्या वळ्यांचा ठसा जेलीवर उमटतो आणि गांडुळाच्या अंगावर असतात तशी कडी दिसतात. करमणूक म्हणून सांगत नाही, सगळी किळस त्या कड्यांतच आहे.

दुसरा घाणा बुधवारी रात्री केला आणि तो जमला. दीड कप पाण्यात ७ ग्रॅम पावडर खदखदवली, बेताची साखर घातली, आच बंद करून पाऊण कप नारळाचं दूध आणि पाऊण कप जांभळ्या द्राक्षांचा रस ओतला. दोन्ही कोमट करून घेतलेले होते, कारण गार ओतलं तर तिथल्या तिथेच गुठळ्या धरतात. रस अगारबरोबर उकळायचा नाही. आंबट पदार्थ अगारबरोबर उकळला की अगारची पकड सुटते आणि मग ते नीट धरत नाही. नारळाच्या दुधानं जेली अपारदर्शक होते, जरा मऊही पडते. द्राक्षाच्या रंगात हिरव्या खाद्यरंगाचे आठ-दहा थेंब पडले की पावसाळ्यात अंगणात निघतात त्या गांडुळांचा हुबेहूब मळकट रंग येतो. शंभर स्ट्रॉ रबर बँडनं घट्ट बांधून एका उभ्या अरुंद बरणीत ठेवले आणि वरून मिश्रण ओतलं. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली होती, नाहीतर मिश्रण नळीत उतरण्याआधीच धरायला लागतं. स्ट्रॉ तरंगून वर येऊ पाहतात, म्हणून वर वाटी पालथी घालून तिच्यावर वजन ठेवलं. रात्रभर फ्रीजमध्ये. इथवर कसलीच तक्रार नाही.

गुरुवारी लेक झोपल्यावर जुडगा बाहेर काढला, बाहेरची जेली खरवडली, एक स्ट्रॉ घेतला आणि नळाखाली धरला. कोमट पाणी. काहीच झालं नाही. पाणी आणखी गरम केलं. काहीच नाही. टोकाकडून बोटांनी दाबत आणलं तर दीड इंचाचा तुकडा बाहेर पडला आणि बाकीचं आतच बसलं. दुसरा स्ट्रॉ, तेच. तिसरा, तेच. लाटणं फिरवून पाहिलं, तर आत सगळा चुरा झाला. कात्रीनं स्ट्रॉ उभा कापायला गेले तर कात्रीचं पातं जेलीतूनच गेलं. साडेबारापर्यंत माझ्यापुढच्या ताटात पंधरा-वीस बोटभर तुकडे होते, गांडूळ म्हणावं असं एकही नाही, आणि बोटांची सालं निघायची वेळ आली होती. नवरा उठून आला, म्हणाला, “झोप आता, उद्या दुकानातून काहीतरी आणू.” पण दुकानात जे मिळतं तेच तर नको होतं.

मी नळ सोडून ठेवला होता आणि त्या पाण्यात हात धरून उभी होते. तेवढ्यात एकदम लॅबमधला जंतू उबवायचा इन्क्युबेटर डोळ्यांपुढे आला. सदतीस अंशांना आम्ही रात्र-रात्र प्लेटा ठेवायचो आणि अगार जागचं हलायचं नाही. लॅबमध्ये अगार वापरतात ते त्याचसाठी! जिलेटिन तिशी-पस्तिशीतच वितळतं, म्हणून तर ते तोंडात विरतं आणि म्हणूनच कोमट पाण्याखाली धरलं की नळीला चिकटलेला थर सुटून गांडूळ घसरतं. अगार मात्र चाळिशीच्या खाली आलं की धरतं आणि एकदा धरलं की पुन्हा वितळायला जवळजवळ ८५ अंश लागतात. आमच्या घरच्या हीटरचं पाणी १२० फॅरनहाइटवर लावलेलं आहे, म्हणजे ४९ सेल्सिअस. त्या नळाखाली मी सकाळपर्यंत उभी राहिले असते तरी एक गांडूळ सुटलं नसतं.

आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवायचे, ते उन्हाळ्यात वितळायचं, शिवाय काही जंतू ते खाऊनही टाकायचे. १८८१ मध्ये फॅनी हेसे या बाईंनी नवऱ्याला अगार सुचवलं. त्यांचा नवरा तिथेच काम करायचा. बाई न्यूयॉर्कच्या, जावाहून आलेल्या एका ओळखीच्या डच कुटुंबाकडून त्यांना हे कळलं होतं, आणि उन्हाळ्यात त्यांच्या जेल्या टिकायच्या त्या अगारमुळे. म्हणजे स्वयंपाकघरातूनच हे लॅबमध्ये गेलं. हे सगळं मला पाठ होतं. पण कृतीत लिहिलंय म्हटल्यावर माझ्या हातानं आधी नळच सोडला. आणि राग याचाच आहे की कितीतरी शाकाहारी कृतींत नुसतं जिलेटिन खोडून त्या जागी अगार लिहिलेलं असतं आणि खालच्या ओळी तशाच ठेवलेल्या असतात. लिहिणाऱ्यानं एकदा तरी स्वतः करून बघितलं असतं तर ती ओळ तिथे राहिली नसती.

ऊन पाण्याचा उपयोग नाही म्हटल्यावर ढकलणं एवढंच उरलं. तोंडानं फुंकून एक निघालं, पण मुलांच्या खाण्यात तोंड कसं लावायचं? औषधाची पिचकारी काढली, तिचं टोक स्ट्रॉत नीट बसेना, पाणी बाजूनं उडायला लागलं. मग फडताळात चटणीसाठी आणलेली, न वापरलेली पिळायची बाटली सापडली, निमुळत्या टोकाची. ते टोक कुठल्याही स्ट्रॉत बुचासारखं बसतं. बाटलीत गार पाणी भरलं, टोक खुपसलं आणि हळू दाबलं. आधी नुसता दाब जाणवला, मग आत काहीतरी सुटल्याचं बोटांना कळलं, आणि सहा-सात इंचांचं अख्खं गांडूळ, अंगावरच्या कड्यांसकट, चमकत, वळत ताटात उतरलं. मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं ओरडले. नवरा पुन्हा उठून आला.

जोर लावायचा नाही. जोरात दाबलं की मधेच तुटतं. त्या रात्री मी तीसेक काढली आणि बाकीची तशीच फ्रीजमध्ये ठेवली. शुक्रवारी दुपारी ती कितीतरी सोपी निघाली, कारण अगार ठेवलं की त्याला आपसूक थोडं पाणी सुटतं आणि नळीच्या आतून तेच वंगणासारखं काम करतं. तेव्हा एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. आदल्या रात्री करून सकाळी काढायची घाई करू नका. मोडलेले तुकडे टाकू नका, मातीखाली पुरा. अर्धं बाहेर, अर्धं आत असं दिसलं की जास्तच अंगावर येतं.

चुरा करताना बिस्किटांतलं क्रीम काढायचं नाही. क्रीमसकट मिक्सरमधून थांबत थांबत फिरवलं की ओलसर काळी माती होते, क्रीम काढून टाकलं तर नुसती भुकटी उडते. आणि बिस्किटाच्या पाकिटावर शेंगदाणा आणि सुकामेव्याची सूचना वाचा. आमच्या गल्लीत एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच्या आईला मी पाकिटाचा फोटो आधीच पाठवला होता.

गॅरेजमध्ये माझा डबा मधल्या टेबलावर होता. दोन हीटर लावलेले होते, शेजारच्या ताटातली जिलेटिनची जेली तासाभरात कडेनं सैल पडली, माझी गांडुळं शेवटपर्यंत ताठ होती. शेजारची मुलगी डब्यापाशी आली, चेटकिणीची टोपी वर सारली आणि नेहमीसारखं आधी मला विचारलं, “मला चालेल का?”

“चालेल. तुलाही आणि हिलाही. समुद्रातल्या गवताची आहेत.”

तिनं एक उचललं, उजेडाकडे धरून त्याची कडी मोजली, आणि मग डोकं मागं टाकून अख्खं तोंडात सोडलं. त्यानंतर तिनं अकरा खाल्ली. मी मोजत होते. लेकीनं तेरा.

बाटली धुऊन वरच्या कप्प्यात ठेवली आहे. तिच्यावर लेकीनं काळ्या मार्करनं लिहून ठेवलंय, ‘गांडूळ. चटणी भरू नये.’