उशीची उंची किती, कोणी सांगेल का?

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं क्वालिटीला आहे. ड्रॉइंगवरच्या मापापेक्षा जॉब ०.०५ मिलिमीटर इकडे-तिकडे गेला की लॉट अडवायचा, हे माझं काम. अशा माणसाला स्वतःच्या डोक्याखालची उशी मापात मिळायला चार महिने लागले. आजही आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दिवाळीनंतर सकाळी उठलं की मान आखडलेली असायची. मग उजव्या खांद्यातून कळ उतरायला लागली, आणि पुढे अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात मुंग्या. इंदिरानगरहून निघालो की पाथर्डी फाट्यापर्यंत अंगठा बधिर. घरचे डॉक्टर झाले, गोळ्या-मलम झालं, ऑर्थोपेडिक झाले, एक्स-रे आणि एमआरआयही झाला. या सगळ्यात कुठे अडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखंही काही नाही. एमआरआयच्या आवाजाचं लोक फार सांगतात. आमच्या प्रेस शॉपमध्ये आठ तास काढलेल्या माणसाला त्याचं काय!

एक चूक केली. रिपोर्ट संध्याकाळी घरी आणून स्वतःच वाचला. डिस्क डेसिकेशन, ऑस्टिओफाइट्स, लॉस ऑफ लॉर्डोसिस, डीजनरेटिव्ह अमुक आणि तमुक. बायको खांद्यावरून वाचत होती, म्हणाली, "अहो, एवढं सगळं एका मानेत?" रात्रभर झोप नाही. रिपोर्ट डॉक्टरांच्या समोर बसूनच उघडा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मानेत सात मणके. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती. चकतीत पाणी असतं, ते वयाप्रमाणे कमी होतं, चकती बसते, मणके जवळ येतात आणि कडेनं हाड वाढायला लागतं. हीच ती झीज. माझी पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली. तिथून बाहेर पडणारी नस अंगठ्याकडे जाते, म्हणून अंगठ्यात मुंग्या. एक मणका खाली असतं तर मधलं बोट धरलं असतं. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना 'हात दुखतो' एवढंच सांगू नका, बोट कोणतं ते सांगा.

मी म्हटलं, "म्हणजे बुश घासल्यासारखं." ते हसले. म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये घासलेलं बुश आवाज करतंच. इथे तसं नाही. साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेत ही झीज दिसते आणि त्यातल्या कितीतरी जणांची मान आयुष्यात दुखत नाही." मापात फेल आणि कामात पास! माझ्या पेशाला हे पटायला आठवडा गेला. लॉर्डोसिस म्हणजे मानेचा नैसर्गिक बाक. स्नायू आखडले की तोही सरळ दिसतो, त्या एका ओळीनं घाबरू नका असंही ते म्हणाले.

घाबरायचं कधी, तेही त्यांनी सांगितलं, आणि ते मी वहीत लिहून ठेवलंय. शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडायला लागली, चालताना तोल जायला लागला, हाता-पायातली ताकद उतरत चालली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर गोळ्या-उशा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे मज्जारज्जूवर दाब असू शकतो.

कागदाच्या शेवटी औषधांखाली दोन शब्द होते: सर्व्हायकल पिलो, म्हणजे मानेची उशी. माझ्या पुढच्या छळाचं मूळ ते दोन शब्द. मी विचारलं, "किती उंचीची?" "मिळते बाहेर, मेडिकलवाल्याला सांगा." साईज नाही, मटेरियल नाही, टॉलरन्स नाही. असं ड्रॉइंग आमच्याकडे आलं असतं तर मी शिक्का मारून परत पाठवलं असतं.

पहिलं दुकान सर्जिकल सामानाचं. खोक्यातून उशी काढली. दोन उंचवटे, मध्ये खोलगट.

"उंची किती?"

"सतरा बाय अकरा."

"ती लांबी-रुंदी झाली हो. उंची?"

"नॉर्मल असते साहेब. सगळे हीच नेतात."

खिशातली स्टीलची पट्टी काढून मी तिथेच लावली. एक उंचवटा अकरा सेंटिमीटर, दुसरा नऊ. "आणि डोकं ठेवल्यावर किती राहते?" यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या गिऱ्हाइकाला आधी हात केला.

दुसरं दुकान गाद्यांचं, मोठं, एसीवालं. तिथे झोपून बघायला देतात म्हणून खास कॉलेज रोडपर्यंत गेलो. गादीवर झोपता येतं, उशीवर नाही. म्हणजे उशीवरही येतं, पण प्लॅस्टिक न काढता. कुशीवर वळलो की कानाखाली चर्रर्र आवाज आणि उशी घसरून खांद्याखाली. वर दुकानातली गादी अशी लुसलुशीत की खांदा निम्मा आत. आमच्या घरी कापसाची कडक गादी. तिथे जी उशी बरी वाटली असती ती घरी ठेंगणी ठरली असती, हे नंतर कळलं. गादी मऊ असेल तर खांदा रुततो आणि उशी कमी उंचीची लागते, कडक असेल तर जास्त. उशीचं माप गादीसकट घ्यायचं, हे त्या एसीतल्या एकानंही सांगितलं नाही.

मग तिसरा प्रकार, ऑनलाइन. दोन हजार आठशे नव्व्याण्णव. ऑर्थोपेडिक, मेमरी फोम, एर्गोनॉमिक, सगळी विशेषणं. उंचीच्या जागी लिहिलेलं 'स्टँडर्ड'. गुंडाळी करून आली, उलगडली, चोवीस तास फुगायला ठेवली, खोलीभर रसायनाचा वास. जानेवारीचे दिवस. नाशिकची पहाट त्या दिवसांत काय असते ते इथल्यांना सांगायला नको. मेमरी फोम थंडीत कडक होतो, उष्णतेनं मऊ पडतो. रात्री टेकलं तर वीट डोक्याखाली. पहाटेपर्यंत डोक्याच्या उबेनं तेवढाच भाग खचायचा आणि हनुवटी छताकडे. तीन रात्रींत मुंग्या मनगटापर्यंत सरकल्या.

परत करायला गेलो तर 'हायजीन प्रॉडक्ट, पॅकिंग उघडल्यास परत घेतले जाणार नाही.' मी चॅटवर विचारलं, पॅकिंग न उघडता त्यावर झोपायचं कसं? उत्तर आलं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' दुसऱ्या दिवशी फोन लावला. चार आकडे दाबा, मग गाणं ऐका, मग एक मुलगा. त्याला मी शांतपणे म्हटलं, "दादा, एवढंच सांगा, पाच किलो वजन ठेवल्यावर ही किती दबते?" माणसाचं डोकं साधारण पाच किलोच्या आसपास भरतं. तो म्हणाला, "सर, वजन ठेवू नका, शेप खराब होईल." मी फोन ठेवला. त्याच्या आठवणीनं पुढचे दोन दिवस जेवताना पुटपुटत होतो. गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या गादीला शंभर रात्रींची ट्रायल आहे. तक्रार केली, तिचा नंबर आला, नंतर 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असाही मेसेज आला. काय सोडवलं ते त्यांनाच माहीत.

फेब्रुवारीत फिजिओथेरपी सुरू झाली. तिथली मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. शेक देता देता तिनं विचारलं, "काका, तुम्ही कुशीवर झोपता की उताणे?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ना दुकानात, ना दवाखान्यात, ना त्या दोन हजार आठशे नव्व्याण्णवच्या पानावर.

तिनं हिशेब सांगितला. कुशीवर झोपल्यावर मान आणि गादी यांच्यामध्ये खांद्याएवढी पोकळी राहते, तेवढी उशीनं भरायची. उताणं झोपल्यावर पोकळी फार कमी, फक्त मानेच्या बाकाला टेकू हवा. उताणं असताना हनुवटी छातीकडे येत असेल तर उशी उंच, छताकडे जात असेल तर ठेंगणी. पालथं झोपायची सवय असेल तर ती सोडा, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. आणि मेमरी फोम, लॅटेक्स, शेवरीचा कापूस यांतलं सगळ्यांसाठी हेच चांगलं असं काही नसतं. "उशीनं झीज भरून येत नाही काका. रात्री मानेला त्रास होऊ नये, एवढंच तिचं काम. बाकीचं काम व्यायामाचं." व्यायाम म्हणजे हनुवटी मागे ओढणं आणि तळहातानं कपाळाला अडवून मानेनं दाब देणं, पण मान हलू न देता. दिसायला पोरखेळ, तिसऱ्या दिवशी घाम फुटतो.

"आधी काही विकत घेऊ नका. चादरींच्या घड्या घाला आणि उंची शोधा." हे वाक्य नोव्हेंबरमध्ये कानावर पडलं असतं तर!

घरी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि बायकोच्या हातात गुण्या (काटकोनी पट्टी) दिला. खांद्याच्या कडेपासून मानेच्या बाजूपर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर. खांदा गादीत थोडा रुततो, म्हणून तेराला सुरुवात केली. चार चादरी आणि एक सतरंजी, सपाट घड्या. मी कुशीवर, बायकोनं मागून फोटो काढला. डोक्याच्या मध्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत एक सरळ रेघ दिसायला हवी. तेराला डोकं वर तिरकं, साडेदहाला खाली. साडेअकराला रेघ सरळ. चार रात्री त्याच ढिगावर काढल्या, पाचव्या दिवशी सकाळी मान वळवून घड्याळ पाहिलं आणि मगच लक्षात आलं की वळवली. उताणं झोपायला सात पुरे. म्हणजे मला मध्ये ठेंगणी आणि दोन्ही बाजूंना उंच अशी उशी हवी होती. ड्रॉइंग तयार!

जुन्या नाशकात फोम कापून देणाऱ्याकडे गेलो. गल्ला सोडून तो उठला आणि म्हणाला, "किती इंची? डेन्सिटी कितीची?" खरं सांगतो, त्याला मिठी मारावीशी वाटली. (डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो फोम. ती जास्त असली की फोम जास्त टिकतो. पण घट्ट की मऊ ही वेगळी गोष्ट, चाळीसचा फोम मऊही मिळतो. दाबूनच बघा.) मी घरून गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी नेली होती. तुकड्यांच्या थरावर पिशवी ठेवायची, बाजूनं पट्टी लावायची, वाचायचं, थर बदलायचा. तो पोऱ्याला म्हणाला, "बघ, साहेब कणीक मळायला आलेत." पण सहाव्या थराला तोच पट्टी धरून बसला होता. शेवटी मध्ये साडेतीन इंच, दोन्ही बाजूंना साडेपाच. वजनाखाली सात आणि साडेअकराच्या जवळपास. सहाशे चाळीस रुपये, शिवाय शिंप्याचे दीडशे.

एक राहिलं. माप खोळ घालूनच घ्या. माझ्या पहिल्या खोळीचं कापड ताणून बसलं आणि बाजू एक सेंटिमीटर दबल्या. शिंप्यानं सैल करून दिली.

मुंग्या मार्चअखेरीला गेल्या. उशीनं बरा झालो असं मी म्हणणार नाही, नसेचं असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवळतं असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. व्यायाम चालू आहे. झोपेतून उठताना मात्र आता शिवी येत नाही.

मानेच्या पट्ट्याचंही लोक विचारतात. मला आठवडाभर दिला होता, तोही फक्त गाडीवर. कायम घातला तर स्नायू आळसावतात. आणि शेजारच्या काकूंना चक्कर येते म्हणून त्यांनी स्वतःच मानेचा पट्टा आणला होता. कूस बदलताना घर गरगरतं असं त्या म्हणाल्या. हे पुष्कळदा कानाचं दुखणं निघतं, मानेचं नाही. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पट्टा आता त्यांच्या फ्रिजवर पडून आहे.

आई तिच्या शेवरीच्या चपट्या उशीवर ऐंशीव्या वर्षी घोरत झोपते आणि माझ्या पट्टीकडे बघून हसते.

दोन हजार आठशे नव्व्याण्णववाली पायांखाली घेतो. गेल्या आठवड्यात त्या कंपनीचा मेसेज आला, 'आपला अनुभव कसा होता? पाचपैकी गुण द्या.' मी लिहिलं: पाच किलो भाराखालची उंची कळवावी, मग गुण देतो. अजून कळवलेली नाही.