भिंतीवर न आलेली नावं

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पाऊल ठेवण्याआधीच लोक मान वर करतात. मनोरा १९८ फुटांचा, १८६५ मध्ये पुरा झालेला. समुद्रावरच्या जहाजांना तो दुरून दिसावा, ही सरकारची अपेक्षा होती. चर्चचा आराखडा हेन्री कोनीबेअरचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी देण्याची योजना आखली, तोच हा इंजिनिअर. आतली सजावट विल्यम बटरफील्डची, रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. गाइड म्हणून इथे कितीही वेळा आले तरी त्या काचांखाली उभं राहिलं की मला क्षणभर बोलवत नाही.

त्या दिवशी साताऱ्याकडच्या निवृत्त फौजींचा गट होता. बाकांना बंदुका टेकवण्यासाठी केलेल्या खाचा त्यांनी हात लावून पाहिल्या. एक सुभेदार मात्र स्मृतिलेखापाशी थांबले. "मॅडम, हे मराठीत सांगा की."

मी सांगितलं. १८३८ ते १८४३ च्या सिंध-अफगाणिस्तान मोहिमांत तलवारीने किंवा आजाराने गेलेल्यांचं हे स्मारक. अधिकाऱ्यांची नावं वर भिंतींवर आहेत. हाताखालचे जवान इतके, की त्यांची नावं लिहिता आली नाहीत.

"मग आमची काळी पाचवी?"

काळी पाचवी, म्हणजे मुंबई लष्कराची पाचवी देशी पलटण. १८४० मध्ये तिची एक तुकडी बलुच डोंगरांतल्या काहून किल्ल्यात महिनोन्‌महिने वेढ्यात अडकली होती. सोडवायला निघालेली फौज नफुस्क खिंडीतून मागे फिरली. कित्येक जण तहानेने मेले. शेवटी बोलणी झाली आणि तुकडी शस्त्रांसह बाहेर पडली. १८४१ मध्ये पलटणीला 'लाइट इन्फन्ट्री' हा किताब मिळाला, तो काहूनच्या लढाईसाठी. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नावात तो आहे. सुभेदारांना हे सगळं तोंडपाठ होतं. तिथून पुढे ते सांगत होते आणि मी ऐकत होते.

या चर्चचा पाया १८४७ मध्ये घातला आणि १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. एवढ्या वर्षांत, एवढ्या उंच भिंतींवर जवानांची नावं कोरता आली असती, असं मला मनापासून वाटतं.

मी हे बोलून दाखवलं. सुभेदार म्हणाले, "जी आहेत ती तरी वाचा. तीबी घरी परत गेली नाहीत."

मी एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. गेटवे बघायचं राहिलं, पण गटातल्या कुणीही घाई केली नाही.